गार होणारी कॉफी

रुदैना ज्या घरात वाढली, तिथे स्वप्नांना तोटा नव्हता. जॉर्डनमधल्या सॉल्ट गावातली घरं उतारावर एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. त्यामुळे वरच्या घरात पडलेलं स्वप्न रात्रीतून खालच्या घरात ओघळत असावं, असं तिला लहानपणी वाटे. चांगलं स्वप्न न्याहारीला सगळ्यांना वाटायचं. वाईट मात्र माणसाला सांगायचं नाही. नळ उघडून वाहत्या पाण्याला सांगायचं. घरात बहिणी पाच आणि नळ एक, त्यामुळे रांग लागे. रुदैना मोरीच्या दाराला कान लावून उभी राही आणि धपाटे खाई. मानसशास्त्राचं तिचं शिक्षण तिथेच सुरू झालं.

पुढे अम्मानला तिने प्रबंधाला ‘शोक आणि स्वप्नं’ हा विषय मागितला. मोजता येईल असं काहीतरी घे, म्हणून सरांनी विनवलं. हिने तोच घेतला. आई शेजारणींना सांगे, की पोरगी डॉक्टर होतेय, फक्त इंजेक्शन देणार नाही. शेजारणी हळहळत.

आता ती गावच्याच दवाखान्यात उमेदवारी करत होती. पहिला रुग्ण अबू मिफ्लेह, डाळिंबाच्या बागेचा म्हातारा मालक. बायको गेल्यापासून त्याची झोप उडाली होती. दर मंगळवारी मुलगा त्याला आणून बसवी, शिपाई कॉफी ठेवी. म्हातारा कपाकडे बघे, रुदैना म्हाताऱ्याकडे. रुग्णाला घाई करू नये, शांतता आपलं काम करते, असं तिला शिकवलेलं. शांततेचं माहीत नाही, कॉफी मात्र नेमाने गार होई. आज तर मुलाने दारातच बजावलं होतं, की आजही बाबा बोलले नाहीत तर पुन्हा आणणार नाही.

खिडकीतून ऊन कपावर आलं. कॉफीवर साय धरल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. ते बघता बघता रुदैनाला थोरलीची सोयरीक आठवली. पाहुणे ओळीने बसलेले, एकाचाही हात कपाला नाही. मागणं घेऊन आलेल्याने, यजमानाने ‘मागणं मान्य’ म्हटल्याशिवाय कॉफी प्यायची नसते, ही गावची रीत. म्हातारा मागायला आला होता, आणि ती इतके मंगळवार त्याला मुकाट्याने नकार देत होती.

“काका,” ती म्हणाली, “काय मागणं आहे?”

“विचारलंस एकदाचं. मला वाटलं, या घरात नाहीच म्हणायची पद्धत आहे.” तो पुढे सरकला. “आमची ही सगळ्यांच्या स्वप्नात येते. सुनेच्या येते. खाटकाच्याही येऊन गेली, मटणात हाडं फार घालतोस म्हणून झापलंन त्याला. माझ्याच येत नाही. तेवढी आणून दे.”

“पण तुम्ही झोपता कुठे?”

“झोपलो आणि ती आली, तर दार कोण उघडणार?”

रुदैना हसली नाही. वचन देऊ नये, हा तिच्या विद्येचा नियम. वचनाशिवाय घोट नाही, हा गावाचा.

“ती येईलच, असं मला म्हणता यायचं नाही,” ती सावकाश म्हणाली. “पण दार उघडं टाकून झोपायचं कसं, ते आपण दोघं मिळून शिकू. एवढं मान्य.”

“म्हणजे अर्धंच मागणं.”

“अर्धंच, काका.”

म्हाताऱ्याने कप उचलला, बरोबर अर्धा प्यायला आणि खाली ठेवला. “भयंकर आहे,” तो म्हणाला. मग दाराकडे वळून मुलाला ओरडून म्हणाला, की पुढच्या मंगळवारी जरा लवकर निघायचं.