१८५४ चं नाणं आणि हिरवट चिकटा

लोरीन स्टॅन्सिल यांनी अमेरिकेतल्या डाहलोनेगा गावी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं बिस्किटं भाजली. नाणी जमवली ती फक्त गावच्या टाकसाळीची, १८६१ साली बंद पडलेल्या. त्यांच्याकडे अशी चार सोन्याची नाणी आहेत. तीन झिजलेली. चौथं, १८५४ चं पाच डॉलरचं, जवळजवळ टाकसाळीतून निघालं तसं. त्यासाठी त्या अकरा वर्षं थांबल्या होत्या.

शनिवारी नाणेसंग्राहकांच्या क्लबच्या प्रदर्शनात ते मांडायचं होतं. गुरुवारी सकाळी बाहेर काढलं, तर नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावर हिरवट चिकटा.

दोष त्यांचाच होता. नाणं दर्जा ठरवणाऱ्या तपासनीसांकडून कडक, मोहोरबंद डबीत आलं होतं. जे हातात धरता येत नाही ते आपलं कसलं, म्हणून पाच वर्षांपूर्वी त्यांनी डबी हातोडीने फोडली आणि नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं. असं प्लास्टिक हळूहळू पाझरून नाण्यावर चिकटा सोडतं, हे त्या स्वतःच नव्या लोकांना सांगत.

"टूथपेस्ट लावून घास," नवरा ड्युई म्हणाला. "माझे दात बघ."

"तुझे दात रोज रात्री काढून पेल्यात जातात. हात लावू नकोस."

घासलं की केसासारख्या रेघा उमटतात, त्या कायमच्या. मग ते नाणं कुठेही गेलं तरी 'घासलेलं'च. त्यांनी क्लबमधल्या ब्याऐंशी वर्षांच्या व्हर्नन टेश यांना फोन लावला.

"घासलंस?"

"नाही हो."

"रुमालाने पुसलंस?"

"मी श्वाससुद्धा जपून घेतेय, मिस्टर टेश."

"शुद्ध अ‍ॅसिटोन आण, हार्डवेअरच्या दुकानातून. नखांचा रंग काढायचं आणलंस तर मला फोन करू नकोस. बुडव आणि थांब. बाकी काही करायचं नाही."

वास घरात नको म्हणून त्या ओसरीवर बसल्या. काचेचा वाडगा, खाली जाड टॉवेल. पहिल्या दहा मिनिटांत काहीच हललं नाही. दुसऱ्या वेळी गाल स्वच्छ झाला, पण कानाजवळ मोहरीएवढा डाग उरला. तिसऱ्यांदा बुडवलं. डाग तिथेच.

ड्युईने कापसाची काडी पुढे केली. "एकदाच, हळूच. कोणाला कळतंय?"

त्यांनी काडी घेतली. नाण्यापासून बोटभर अंतरावर हात थबकला. मग काडी मोडून त्याच्याच खिशात टाकली.

शनिवारी नाणं नव्या कडक डबीत मांडलं. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'कानाजवळचा डाग माझ्या चुकीमुळे.' टेश भिंगातून बराच वेळ बघत राहिले. लोरीनबाई उभ्याच होत्या.

"डाग दिसतोय ना?" त्यांनी विचारलं.

"डाग आंधळ्यालाही दिसेल. मी रेघा शोधतोय."

"मग?"

टेश यांनी डबी कलती करून दिव्याखाली आणखी एकदा फिरवली.

"एकही नाही," ते म्हणाले.

लोरीनबाईंनी मागची खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.