गेजभाऊंच्या बारा गाठी

पाण्यात उडी मारण्याआधी पाण्यातून बाहेर यायची वाट शोधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गेजभाऊ. रविवारी आम्ही चिखलीमागच्या बंद दगडखाणीवर पोहोचलो की बाकीच्यांना पाण्यात पडायची घाई, आणि हे गृहस्थ काठाकाठाने वाकून फिरतायत, जणू बायकोच्या कानातलं हरवलंय. नव्या माणसाला ते आधी खालून वर चढायला लावत. "खाली काय, धोंडाबी जातंय," म्हणायचे. "वर येऊन दाखव, मग बोल."

गेजभाऊ मूळचे बीडकडचे. भोसरीच्या एका वर्कशॉपात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर माप तपासायचं गेज हातात धरून माल पास-नापास करायचे, म्हणून गेजभाऊ. मी तिथेच पॅकिंगला. बावीस वर्षांची, गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली, आणि तेवढ्या बळावर स्वतःला मासोळी समजणारी. पाण्यात पडल्यावर आवाज म्हशीचा यायचा, ते सोडा.

खाणीचा मालक जवळच राहायचा. कधी नाही म्हणत नसे, तरी गेजभाऊ दर रविवारी त्याच्या दारात उभे. "मालक, उतरू का?" एकदा मालक खाटेवरूनच म्हणाला, "आज न्हाई, म्हसरं धुवायचीत." झालं! आम्ही अकरा जणं कोरडे परत. मी वाटभर चरफडले. "न विचारता उतरलो असतो तर काय तो पाणी मोजून बघणार होता?"

"तुझ्यासारखं एखादं बुडालं, तर दोर घेऊन पहिला तोच पळत येणार हाय," गेजभाऊ म्हणाले. "खाली माणसं हायत हे त्याला ठाऊक नको?"

आणि त्यांची ती दोरी! जाड सुताची, टोकाला मोठा नट, हाताहाताच्या अंतरावर गाठ. नट तळाला टेकला की बुडालेल्या गाठी मोजायच्या. खालच्या कपारीवरून उडीला आठ गाठी, वरच्या कड्यावरून बारा. अकरा भरल्या तर कडा बंद, मग तुम्ही नाक घासा. मी म्हणायचे, "गेजभाऊ, गेल्या रविवारीच तर मोजलं!"

"गेल्या रविवारी जेवलीस ना? मग आज डबा कशाला आणलायस?"

त्या वर्षी चैत्रात अकराच गाठी भरल्या. इकडे मी सगळ्या पॅकिंगमध्ये सांगून बसलेली की येत्या रविवारी वरच्या कड्यावरून सूर मारणार. बायकांनी माझी हिंमत आधीच वाखाणली होती, आता हिंमत दाखवणं भाग होतं. दोरी ओली होती. आमचं घर जवळ, म्हणून गेजभाऊंनी ती वाळवायला माझ्याकडे दिली. हरभऱ्याच्या राखणीला बकरी!

शनिवारी मी माळ्यावर बसून दोरीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या गाठी सोडल्या आणि जवळजवळ बांधल्या. दोन-तीन जास्तीच्या घातल्या. नखं मोडली, पण काय ती हुशारी!

रविवारी गेजभाऊंनी दोरी सोडली. "तेरा," म्हणाले, आणि दोरीकडे बघत राहिले. एवढ्यात वरून आरोळी आली, "आक्का, आज तुझ्याआधी मी!" माझी धाकटी बहीण शोभा. सोळा वर्षांची. ओढणी कमरेला बांधून कड्याच्या टोकाला उभी.

मी उडी मारणार होते. शोभा मारेल हे माझ्या अकलेच्या हिशेबातच नव्हतं. "थांब, गाठी मी हलवल्यात," एवढंच ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे पॅकिंगमधल्या बायका आल्या. बहिणीचं डोकं फुटेल याआधी मला माझं नाक कापलं जाईल हे दिसलं. मी तोंड मिटलं.

"शोभे, माघारी हो!" गेजभाऊ गरजले.

"आता काय झालं?"

"गेल्या रविवारी अकरा. थेंबभर पाऊस न्हाई, ऊन हे असलं, आन् पाणी दोन हात वाढलं? माप लई चांगलं आलं की आधी माप तपासावं."

त्यांनी दोरी कोपरापासून बोटापर्यंत हाताला लावली. गाठी जुळेनात. मग हातानेच दोरी मोजली. पाणी दहा हात. ते स्वतः खाली बुडी मारून आले, तोंड पुसत म्हणाले, "तळाला सुळके उभे हायत. वरून पडलेलं माणूस आज तिथवर पोचलं असतं." मग दोरी गुंडाळत ते म्हणाले, "वाळताना आखडली वाटतं." शोभा तणतणत खाली आली. माझ्या मनात मात्र एक निर्लज्ज आवाज: सुटलीस!

हा आवाज मी चाळीस वर्षं पोसला. गेल्या वर्षी गेजभाऊ अंथरुणाला खिळलेत असं कळलं, तेव्हा त्यांना भेटायला गेले. हात काडीसारखे झालेले. चहा होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलले, मग एकदाचं सांगून टाकलं. "भाऊ, दोरी आखडली नव्हती."

ते खोकल्यासारखे हसले. "आखडती तर सगळी आखडली असती. खालची अर्धीच कशी आखडली? मी इन्स्पेक्शनला होतो, सुमन. आन् तू तोंड मिटून उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर रडली असतीस, चार दिवस माफी मागितली असतीस आन् मोकळी झाली असतीस. तुला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं."

काय लबाड म्हातारा! चाळीस वर्षं मला टांगून ठेवलं आणि वर माझ्याकडूनच उशी नीट करून घेतली. पंधरा दिवसांनी गेजभाऊ गेले.

शोभाला मी अजून सांगितलेलं नाही. तीही आता आजी झालीय, आणि छापलेलं सगळं वाचते. म्हणून हे लिहून पाठवतेय, तोंडाने सांगायची हिंमत अजूनही नाही. शोभे, वाचून झालं की फोन कर. सकाळी कर, दुपारी मी झोपते. आणि शिव्या सावकाश दे, मी मध्ये बोलणार नाही.