वेळेवर पोचलेले टब

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या, मग आणि टब तयार होतात, आणि माझ्या टेबलावर थापा तयार व्हायच्या. टब अजून साच्यात गरम असायचे आणि मी रायगडातल्या एखाद्या दुकानदाराला फोनवर सांगत असायचे, "गाडी निघाली, आत्ता तुर्भ्याला असेल." सगळ्या दुनियेत माल असाच पाठवतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शिवाय मी ते इतकं गोड सांगायचे की शिव्या द्यायला फोन केलेला माणूस शेवटी आपल्या गुडघेदुखीवर बोलायला लागायचा.

थापा माराव्या लागायच्या त्या शेठच्या मेहुण्यामुळे. तो विक्री बघतो. समोरचा हो म्हणाला की विकून मोकळा, मग गोदामात माल असो वा नसो. लाल टबांचा एकच लॉट त्याने तिघांना विकलेला मी पाहिलाय, आणि तिघांनाही झुलवत ठेवलं मीच. शेवटी शेठ वैतागले आणि ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर घेऊन आले. कॉम्प्युटरला हार, हळदकुंकू, उंबऱ्यावर नारळ, सगळं साग्रसंगीत झालं.

आणि ते मेलं गुणाचं निघालं! ऑर्डर टाकली की गोदामातला तेवढा माल त्या दुकानदाराच्या नावावर अडकतो; मेहुणा तोच माल दुसऱ्याला विकायला गेला तर स्क्रीन लाल होते. एका रस्त्यावरच्या ऑर्डरी ते एकाच गाडीत बसवतं. माल कोणत्या तारखेला पोचेल त्याचा मेसेज थेट दुकानदाराच्या मोबाईलवर जातो, आणि माल त्याच तारखेला पोचतो. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मनापासून खूश होते.

मग शेठनी मला विचारलं, "बाई, आता फोनवर तुमचं काय काम?" पॅकिंगला माणसं कमी पडतात, दिवाळीनंतर तिकडे बघू म्हणाले. माझी जीभ हीच माझी नोकरी होती. मी एसीत खुर्चीवर बसते हे दिघ्यातल्या आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला भीती वाटली, आणि त्या डबड्याचा सणसणीत रागही आला.

अशात चाचांचा फोन आला. चाचा आमचे जुने गिऱ्हाईक, खाडीकाठच्या गावातले. घर आणि दुकान एकाच अंगणात. सगळ्यात जास्त थापा मी त्यांनाच मारल्या असतील.

"बाय, माल आला!" ते ओरडले.

"वेळेवर आला ना, चाचा?"

"वेळेवर आला म्हणूनच बोंबलतोय! घरात लग्न हाय. अंगणात बिर्यानीच्या डेगी चढल्यात, आनि तुमचा ड्रायव्हर मधोमध टब उतरवतोय!"

"पण मेसेजमध्ये तारीख होती की."

"होती. तुमची तारीख म्हनून मी चार दिवस पुढं धरली. लग्न उरकल्यावर येईल म्हटलं. आमी सगळे कायम तसंच धरतो."

म्हणजे इतकी वर्षं माझी एकही थाप कुणाला खरी वाटली नव्हती. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात भलतंच डोक्यात शिरलं.

"लग्न कुणाचं, चाचा?"

"धाकटीचं."

ही धाकटी मी कधी पाहिलेली नाही. पण तिचं दहावीचं गणित, तिचा टायफॉइड, तिचं नर्सिंग, सगळं मला ठाऊक होतं. गाडी कुठे अडकली याची थाप मारून झाली की चाचा तिच्यावरच यायचे.

"मला सांगितलंसुद्धा नाहीत?"

"सांगनार कधी? तू फोन केलास कुठं?"

मला फार वाईट वाटलं, आणि ते टबांचं नव्हतं.

चाचांनी शेठनाही झाडलं. पाठोपाठ दुसऱ्या दुकानदारांचेही तसेच फोन आले. कुणाचं गोदाम भरलेलं, कुणी दुकान बंद करून गावी गेलेला. शेठनी सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावलं. त्यांनी भरपूर डोकं खाजवून एक नवं बटण बसवलं, 'ग्राहकाशी बोलणे झाले?' ते दाबल्याशिवाय गाडीला गेटपास निघत नाही. दाबायचं मी. पॅकिंगचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

पुढे चाचांची बादल्यांची ऑर्डर आली. गाडी भरून गेटाशी उभी राहिल्यावर मी फोन लावला, तारीख सांगितली, आणि ही खरी आहे म्हणून गळ्याची शपथ घेतली. मग विचारलं, धाकटी कशी आहे.

"सासरी हाय," चाचा म्हणाले. "घरात करमत नाय, बाय." आणि बोलायला लागले.

ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. काचेपलीकडून शेठ हातवारे करत होते, दाबा, दाबा. मी नाही दाबलं. बोलणं अजून झालं नव्हतं.