मंदण्णाच्या दुनळीचे दोन बार

मंदण्णा गेला तो सकाळी साडेसातला, ओट्यावरच्या रुंद लाकडी बाकावर बसल्या बसल्या. एका पायात बूट घालून झाला होता, दुसरा हातात होता. रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता, कॉफीला फुलं येणार म्हणून गडी पहाटेपासून नुसता उतावीळ झालेला. बायको बोज्जव्वा आतून ओरडली, "कॉफी निवतेय! फुलं काही पळून जात नाहीत!" उत्तर आलं नाही म्हणून पेला घेऊन ती बाहेर आली.

घरातल्या टांगत्या दिव्यात त्याने पहाटे घातलेलं तेल अजून संपलं नव्हतं. दिवा, मग डोंगर, मग न्याहारी, हा त्याचा चाळीस-पन्नास वर्षांचा नेम. पावसाच्या देवावर, इग्गुतप्पावर, त्याची भक्ती एवढी, की देवाशी तो सरळ भांडायचा. "कॉफी वाळत घातली की बरा पाऊस आठवतो तुला!" असं आभाळाकडे बघून म्हणायचा आणि संध्याकाळी गुपचूप एक नारळ जास्त ठेवायचा. ओढ्याचं पाणी पिण्याआधी हात जोडायचा. शिकार बंद झाली तेव्हा गावातले कितीजण हळहळले. हा मात्र म्हणाला, "बरं झालं, आता जनावरं मला बघून थांबतील तरी." बंदूक उरली ती कैलपोदच्या, हत्यारं पुजायच्या सणाला नळीत कळलावीचं फूल खोचायला आणि नारळावर नेम धरायला. आणि आणखी दोन कामांना.

त्या खोऱ्यात बंदुकीचा एकच बार झाला की बायका हातातलं काम थांबवून विचारतात, "मुलगा झाला वाटतं! कुणाला गं?" लागोपाठ दोन झाले की कोणी काही विचारत नाही. माणसं आत जाऊन पांढरे कपडे शोधायला लागतात.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मंदण्णाने अंगणात उभं राहून एक बार काढला होता. शेतापलीकडचा कुट्टप्पा, त्याचा जन्माचा मित्र, एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन धावत आला. "मुलगा! दाखव, दाखव!"

"मुलगी आहे," मंदण्णा म्हणाला.

"मग बार कशाला काढलास, वेड्या?"

"जन्मली ना? मग?"

घरातले वडीलधारे खवळले. पूर्वजांच्या दिव्यासमोर नारळ ठेवून त्याला माफी मागायला लावली. त्याने मागितली, सगळ्यांच्या पायाही पडला, आणि उठता उठता म्हणाला, "पुढच्या खेपेला मुलगी झाली तर पुन्हा मागेन." पुढची खेप आलीच नाही. देचम्मा एकटीच राहिली, आणि कुट्टप्पा सगळ्या खोऱ्यात तिला 'फसवा बार' म्हणून चिडवत राहिला.

आठ वर्षांच्या देचूला खांद्यावर घेऊन मंदण्णा डोंगर चढला. बांबूचे कोंब, पावसाळी अळंबी, खेकड्यांची बिळं, सगळं तिला दाखवलं. बाराव्या वर्षी बंदूक हातात दिली. खांद्याला दस्त्याचा दणका बसून ती रडली तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "देचू, तुझ्यासाठी मी एक काढला. माझ्यासाठी दोन तू काढायचेस. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"अप्पा, तू मरणारच नाहीस."

"मग तर तुझं काम हलकं."

आता तो बाकावर होता आणि देचूचा चुलतभाऊ उत्तय्या देवघरातून दुनळी बंदूक घेऊन बाहेर आला होता. अजून सगळं व्हायचं होतं, अंघोळ, पांढरा अंगरखा, दिव्याखाली निजवणं. पण आधी गावाला कळवायला हवं होतं.

"देचक्का, तू आत बस काकीपाशी. मी काढतो."

"आण इकडे."

"अगं, रीत आहे काही. घरात पुरुषमाणूस असताना..."

"त्यांनी तिला सांगून ठेवलंय, उत्तय्या," बोज्जव्वा म्हणाली. पेला अजून तिच्या हातात होता. "दे तिला."

देचूने काडतुसं भरली. अंगणाच्या कडेला गेली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. आवाज डोंगरावर आपटून परत आला. खालच्या सावरीवरचे पक्षी उडाले.

दुसऱ्या चापावर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. पहिल्या बारात काही अशुभ नव्हतं. इथे थांबलं तर अप्पा अजून गेलेला नव्हता, निदान गावाच्या लेखी तरी. तिला ठाऊक होतं हे खुळं आहे. तरी बोट हलेना.

"अक्का, काढ ना! लोकांना काय वाटेल?" उत्तय्या कासावीस झाला. "नाहीतर दे इकडे."

"हात लावू नकोस."

खालून कुठल्याशा बाईची हाक आली, "मुलगा का गं? कुणाकडे?" बोज्जव्वाने तोंडाला पदर लावला.

पंधराएक मिनिटं गेली असतील. देचू तशीच उभी. बांधावरून धापा टाकत कुट्टप्पा येताना दिसला. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, कानाने अर्धा, पण त्या दुनळीचा आवाज ओळखण्यात कधी न चुकणारा. काखेत कोंबडा नव्हता, पिशवीतून बाटलीचं बूच मात्र डोकावत होतं.

"कुणाचं बाळ रे?" फाटकातूनच त्याने विचारलं. "बंदूक तर आपल्या मंदण्णाची! उत्तय्या, तुझ्या बायकोला झालं का? आणि आमचे नवे आजोबा कुठे..."

त्याने बाकाकडे पाहिलं. एक बूट पायात, एक खाली पडलेला. मग पिशवी हळूच जमिनीवर ठेवली.

"तेव्हाही असंच केलंस मला," तो मित्राला म्हणाला. "धावत आणलंस आणि फसवलंस."

मग तो देचूपाशी आला. तिच्या हातातली बंदूक घेतली नाही, नुसता तिच्या कोपराखाली हात धरला.

"पोरी, त्या वेळी एकच पुरे होता. रीत मोडून काढला त्याने, तुझ्यासाठी. आज अर्धवट नको ठेवूस. माणूस जायला निघालाय आणि तू त्याला दारात उभा करून ठेवलायस."

"मी काढला की तो खरंच जाईल, मामा."

"तो गेलाय, देचू. आपणच राहिलोय."

तिने डोळे मिटले आणि दुसरा चाप ओढला.

समोरच्या उतारावरच्या घरांतून एकेक माणूस अंगणात आलं. या वेळी कोणी हाक मारली नाही.

"आता त्यांचा बूट काढ गं," बोज्जव्वा म्हणाली. "अंघोळ घालायचीय."

देचू बंदूक भिंतीला टेकवून बापाच्या पायाशी बसली. उतारावर सुटू नये म्हणून मंदण्णा नाडीला नेहमी दुहेरी गाठ मारायचा. तासाभरापूर्वी त्याच्याच हातांनी आवळलेली ती गाठ होती. तिने नखांनी ओढलं, दातांनी ओढलं. उत्तय्याने कोयता पुढे केला, तेव्हा ती त्याच्यावर ओरडली. गाठ कापू द्यायची नव्हती तिला, आणि सोडवतही नव्हती.