एक पाटा कमी

मिस्त्री कोणत्याही गाडीजवळ गेले की आधी उकिडवे बसायचे आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालायचे. किती बोटं मावतात ते बघून मान वर करायचे आणि विचारायचे, "मोजलं का?" समोरचा काहीही सांगत असो, प्रश्न हाच. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेल, ज्याच्यापुढे अंदाजे बोलायची चोरी असते.

तळवड्यातल्या एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात मी सुपरवायझर होतो. मिस्त्री तिथं टेम्पोच्या पाट्यांचं काम बघायचे. चाकांवर लोखंडी पट्ट्यांचं जुडगं असतं ना, गाडीचा सगळा भार पेलणारं, तेच पाटे. मिस्त्री मूळ गावातलेच. यार्डाच्या कोपऱ्यात एका पत्र्याखाली त्यांचं राज्य होतं आणि तिथं शेठसुद्धा आवाज खाली आणून बोलायचे.

एकदा माणच्या आयटी पार्कातला एक तरुण आपली गाडी दाखवायला आला. स्प्रिंगा कापून त्यानं ती पार जमिनीलगत आणली होती. गाडीखाली वारा कमी शिरतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, बरोबर आहे. मग त्याला गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन यायला लावलं. मधे पाच स्पीडब्रेकर. प्रत्येकावर गाडीचं पोट घासत होतं. बिचारा थांबायचा, गाडी तिरकी करायचा आणि पहिल्या गिअरमध्ये रडतखडत पुढं यायचा. "वाऱ्याचं वाचलं त्ये ब्रेकनं खाल्लं," मिस्त्री म्हणाले आणि त्याला चहा पाजला.

पण आमच्याच टेम्पोंचं अ‍ॅव्हरेज घसरलं तेव्हा ही गंमत संपली. शेठ वैतागले. पाट्यांचं काम बाहेर द्यायचं, मिस्त्रींना घरी बसवायचं आणि ती जागा पार्किंगला घ्यायची, असं ते माझ्याकडे बोलून गेले. मी ते मिस्त्रींच्या कानावर घातलं. दोन दिवस ते एकेका टेम्पोच्या फटीत बोटं घालून बघत होते. तिसऱ्या दिवशी थेट शेठच्या केबिनमध्ये शिरले आणि म्हणाले, "चूक माजी हाय."

पूर्वी आम्ही चाकणला लोखंडी कास्टिंग न्यायचो. ते वजन झेपावं म्हणून मिस्त्रींनीच प्रत्येक टेम्पोला जादा पाटा घातला होता. आता टेम्पोत प्लॅस्टिकचे बंपर जायचे, दिसायला अवाढव्य आणि वजनाला काहीच नाही. त्यामुळे गाड्या उगाच उंच राहून हायवेवर वारा अडवत होत्या. जादा पाटा काढला तर गाडी दोन बोटं खाली बसेल, थोडंफार डिझेल वाचेल, असं त्यांचं म्हणणं. शेठनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, घातला तुम्ही, आता काढाही तुम्हीच. फरक पडला नाही तर मात्र कामावर येऊ नका.

दोन सारखे टेम्पो निवडले. माल सारखा, रस्ता एकच, फक्त एकाचा पाटा काढलेला. पंपावर दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरल्या. आतली हवा निघावी म्हणून मिस्त्री खांदा लावून टेम्पो हलवत होते आणि पंपावरची पोरं हसत होती. संध्याकाळी त्याच पंपावर पुन्हा टाक्या भरल्या, तेव्हा खाली बसलेल्या टेम्पोत डिझेल कमी गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. यार्डात परतल्यावर आकडा ऐकून शेठनी हात पुढं केला. मिस्त्रींनी तो घेतलाच नाही.

"ह्यो डायवर लातूरचा. ह्येचा पाय हलका हाय," ते म्हणाले. "जिकला त्यो, माजा पाटा न्हाई. उद्या डायवर बदला."

मला संताप आला. जिंकलेला डाव हा माणूस स्वतःच्या हातानं मोडत होता, आणि तोही नोकरी पणाला लावून. बाजूला नेऊन मी त्यांना विनवलं, की शेठ मानलेत, आता गप्प बसा. "मोजलं का?" त्यांनी विचारलं आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लातूरचा ड्रायव्हर उंच टेम्पोवर गेला. खालच्या टेम्पोवर आला आमचा सगळ्यात जड पायाचा गडी, जो अ‍ॅक्सिलरेटर दाबत नाही, तुडवतो. संध्याकाळी पंपावर शेठ स्वतः हजर. उंच टेम्पोची टाकी आधी भरली. मग खालच्या टेम्पोत नोझल घातला आणि मीटर पळायला लागलं. मी बघू शकत नव्हतो. नोझल थांबला तेव्हा लातूरवालाच ओरडला, "कमी गेलं!" कालच्यापेक्षा फरक थोडा होता, पण होता.

"आता द्या हात, शेठ," मिस्त्री म्हणाले.

पुढचा महिनाभर त्यांनी एकेका टेम्पोचा जादा पाटा काढला. मिस्त्री गेल्या वर्षी वारले. त्यांची आठवण निघाली की मला त्या कामाचा शेवटचा दिवस दिसतो. काढलेल्या सगळ्या पाट्यांचा पत्र्याखाली कमरेएवढा ढीग झाला होता, आणि धुतलेला शर्ट घालून, पायावर पाय टाकून मिस्त्री त्यावर चहा पीत बसले होते. आपल्याच चुकीच्या ढिगावर इतक्या ऐटीत बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.