ढेकरमास्तर आणि लिलाववाला

कॅन्सरच्या वॉर्डात माझे वडील आले की पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपायचे. उगाच वाढवून सांगत नाही, मी स्वतः पाहिलंय. खांद्याला जुनी पिशवी, मानेतल्या भोकावर पांढरा जाळीदार रुमाल आणि हातात छोटा काळा रेकॉर्डर. हा माणूस आपल्या पलंगाशी थांबला म्हणजे आपलं स्वरयंत्र निघणार, एवढं तिथे सगळ्यांना पाठ होतं. नर्स त्यांना तोंडावर ढेकरमास्तर म्हणायच्या आणि पाठीमागे यमाचा कारकून. बाबांना दोन्ही नावं ठाऊक होती. दुसरं जास्त आवडायचं.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. मैदानाच्या या टोकाला त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाचा शिपाईसुद्धा ताठ व्हायचा. पन्नाशीत घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागलं आणि आमचं घर एका दिवसात गप्प झालं. वर्षभर ते पाटीवर लिहून बोलले. मग हवा गिळायची, ती ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यातून शब्द काढायचे, हे शिकून आले. एका दमात तीन-चार शब्द, त्यापुढे गाडी बंद. पुढे तेच इतरांना शिकवू लागले. दर मंगळवारी हॉस्पिटलच्या तळघरात आठ-दहा माणसं ओळीने बसून ढेकर द्यायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हसू दाबत बाहेर पळाले आणि जिन्यात बसून रडले.

बाबांचा जुना आवाज कुठेच राहिला नव्हता. जपून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. म्हणून ते प्रत्येकाला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलायला लावायचे, ते रेकॉर्ड करून घरच्यांना द्यायचे आणि एक प्रत आमच्या कपाटात ठेवायचे. त्या कपाटातली निम्मी माणसं आज नाहीत. ते कपाट आवरायची पाळी आली की मी काहीतरी निमित्त काढायचे.

त्या वर्षी कॅन्सरमधून बरे झालेल्यांच्या संघटनेने बाबांचा सत्कार ठरवला. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी वॉर्डात एक लिलाववाला दाखल झाला होता. भाजीबाजारात बोली पुकारणारा, चाळिशीचा, धिप्पाड. बाबा एरवी पेशंटशी दोन दिवस नुसत्या गप्पा मारायचे, रेकॉर्डर पिशवीतच असायचा. त्या दिवशी सत्काराच्या भाषणाचा विचार डोक्यात होता. बसताबसता त्यांनी सवयीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला. लिलाववाल्याने रेकॉर्डरकडे पाहिलं, बाबांच्या मानेकडे पाहिलं, पहिला ढेकर ऐकला. संध्याकाळी पलंग रिकामा.

“मी पळवलं त्याला,” बाबा म्हणाले. तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्याच्या घशातली गाठ श्वासाची वाट बुजवत चाललीय. एक दिवस वाटच राहणार नाही. आणि तो दिवस आधी कळवून येत नाही. बाबा मला रोज त्याच्या घरी फोन करायला लावायचे. बायको उचलायची, आमचं नाव ऐकायची आणि ठेवून द्यायची.

सत्काराच्या दिवशी दुपारी बाबा इस्त्रीचा कोट घालून टॅक्सीत बसले आणि ड्रायव्हरपुढे लिलाववाल्याच्या पत्त्याचा कागद धरला. माझं डोकंच फिरलं.

“बाबा, तिथे तीनशे लोक तुमच्यासाठी जमलेत. उद्या जाऊ ना याच्याकडे.”

“ते उद्याही असतील,” बाबांनी हवा गिळली. “हा नसेल.”

तिसऱ्या मजल्यावर बायकोने दार उघडलं. माणूस दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू आला, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. झोपता येत नव्हतं, बसूनच डुलक्या काढायचा. बाबा समोर बसले. त्यांचा हात पिशवीत गेला, रेकॉर्डर टेबलावर आला, बटण दाबलं गेलं. पुन्हा तीच चूक. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांचा कोट मागून ओढला.

लिलाववाला भडकला. “मास्तर, माझा आवाज बाजारात दोन गल्ल्या पलीकडे जातो. तो कापून तुमच्यासारखं ढेकर देत जगू? त्यापेक्षा मेलेलं बरं. उठा. या घरात परत पाऊल टाकायचं नाही. यांना बाहेर काढ गं.”

बाबा उठले नाहीत. त्यांनी रेकॉर्डर उचलला आणि ते सगळं त्याला परत ऐकवलं. खोलीत एक घासलेला, फाटका आवाज पसरला. दर दोन शब्दांमागे शिट्टी.

“हा कोण?” लिलाववाला म्हणाला.

“तुम्हीच,” बायको म्हणाली.

“मी असा बोलत नाही.”

“चार महिने असंच बोलताय.” तिचा आवाज चढला नाही. “बाजारात बोली तुमचा पुतण्या पुकारतो. तुम्ही नुसते शेजारी उभे असता. कुणी बोललं नाही तुम्हाला, एवढंच.”

तो आपल्या हातांकडे बघू लागला. मग म्हणाला, “गुरुवारी येतो.”

“आत्ता,” बाबा म्हणाले.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला, कठडा धरला आणि त्याचे ओठ निळे पडू लागले. बाबांनी आणि मी त्याला अक्षरशः ओढत खाली थांबलेल्या टॅक्सीत घातलं. रस्ताभर बाबा त्याची पाठ ताठ धरून बसले होते. हॉस्पिटलच्या दारातच, तो जागा असताना, श्वासासाठी त्याच्या मानेत भोक पाडावं लागलं. जीव वाचला. त्या क्षणापासून त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. चार दिवसांनी मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, गाठी मानेत पसरल्यात. तीन आठवडे आधी आला असता तर कदाचित नसत्या पसरल्या. बाबांनी ऐकून घेतलं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी त्याची बायको तळघरात आली. “त्या दिवशीचं रेकॉर्डिंग हवंय.”

बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, देऊ नको. मी सांगितलं, “त्या दिवशी बटणच दाबलं नव्हतं.”

“ताई, मी समोरच होते. नंतर ऐकवलंत ना आम्हाला.”

“त्यात नुसती आरडाओरड आहे हो,” मी म्हटलं. “तुम्हाला त्रास होईल.”

तिने हात पुढे केला. बाबांनी रेकॉर्डर दिला. तिने तो कानाशी धरून तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा स्वतःला घराबाहेर काढल्याचं ऐकत बाबा मान खाली घालून उभे राहिले. मग ती शेवटच्या वाक्यावर परत गेली. यांना बाहेर काढ गं.

“हे एक वाक्य ते माझ्याशी बोललेत,” ती म्हणाली. “एवढंच द्या.”