घटिका बघणारे भाऊजी

शेजारच्या वहिनींच्या दिरांइतका वेळेचा पक्का माणूस मी अख्ख्या लखनऊत पाहिला नाही, आणि या शहराला इतका न मानवणाराही. इथे लोक 'कभी तशरीफ लाइए' म्हणतात आणि विसरतात. भाऊजी विचारत, "किस दिन? कितने बजे?" समोरच्या खाँसाहेबांनी गडबडून "जुमेरात, पाँच बजे" म्हटलं, तर गुरुवारी पाचाच्या ठोक्याला हे दारात. दहा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, "दो मिनट पीछे है" म्हणाले आणि चहा यायच्या आत निघाले. माझ्या कुकरची शिट्टी लांबली तरी कुंपणापलीकडून विचारणा होई. नजरेला नजर मात्र कधी देत नसत. कुणी खांद्यावर हात ठेवला की उठून जात. मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत कुणी त्यांना 'पहुँचे हुए', म्हणजे सिद्धपुरुष, म्हणे, कुणी 'खिसके हुए', म्हणजे डोकं सरकलेले. ऑटिझम हा शब्द मी ऐकला तो पुढे बऱ्याच वर्षांनी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. कामांची यादी अर्थातच माझ्याकडे. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजींना त्या दिवशी तुमच्याकडे बसवा. मुलाकडची नागपूरची माणसं, बिथरली तर लग्न मोडायचं." मी लिहून घेतलं.

मटार सोलत बसलेल्या आजींनी, म्हणजे भाऊजींच्या आईंनी, ते ऐकलं. "आमचे चुलत सासरे असेच. बोलायचे नाहीत, बघायचे नाहीत. पण लग्नात घटिकापात्र त्यांच्याच पुढ्यात. भोकाची वाटी पाण्यात बुडेपर्यंत नजर न हलवणारा दुसरा होता कोण? त्यांनी 'बुडाली' म्हटल्याशिवाय अंतरपाट हलत नसे. चार गावांच्या बैलगाड्या यायच्या न्यायला. वेडा म्हणायला फुरसत कुणाला होती?"

"ते दिवस वेगळे होते, आई," वहिनी म्हणाल्या.

इतक्यात नवरी मुलगी आतून कडाडली, "मम्मी, चाचा सामने बैठेंगे! नहीं तो मैं भी आंटी के यहाँ बैठूँगी."

मी ओळ खोडली.

लग्नात परातीत पाणी, पाण्यावर वाटी, पुढे भाऊजी. नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं. ते पाचव्या कडव्यावर असताना भाऊजी ओरडले, "बुडाली!" दचकून दोघांच्या हातून अंतरपाट सुटला. आत्याबाईंचं तोंड उघडंच.

"हे कोण?" व्याह्यांनी विचारलं.

वहिनींनी पदर सावरला. "माझे धाकटे दीर. आमच्याकडे मुहूर्त तेच बघतात."

व्याह्यांनी मनगट पाहिलं. "मिनिटाचाही फरक नाही हो!"

वरात गेली, हॉल रिकामा झाला. भाऊजींनी वाटी पुसली आणि पुन्हा पाण्यावर सोडली. आजी त्यांच्याशेजारी, हात न लावता, बसून राहिल्या.

"चुलत सासऱ्यांना चार गावं होती गं," मला म्हणाल्या. "ह्याला पुतणी एकच."